दत्तोबांचे पडदे आणि नवं रडार

दत्तोबा येळवंडे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बसमध्ये आमच्या पद्मजासाठी जागा धरून बसलेले. पद्मजा नुकतीच बी.एस्सी. होऊन टेकडीआडच्या एका चाचणी-केंद्रात नोकरीला लागली होती. तिथे बंदुकीच्या गोळ्यांचा वेग मोजतात. केंद्राचं नाव मी लिहीत नाही. लिहायचं नाही असं तिनेच बजावलं आहे. संत तुकाराम नगरच्या थांब्यावर मी तिला पोचवायला गेले, तर पांढऱ्या मिशांच्या एका माणसाने पहिल्या बाकावरची आपली टोपी उचलली आणि म्हणाला, "ताई, हितं बसा. मागं लई हादरतंय."

टोपी ठेवून जागा धरायची, आणि तीही माझ्या मुलीसाठी. कशासाठी? चाचणीच्या कामावर ती एकटीच मुलगी. संध्याकाळी ती घरी येताच मी विचारलं, "कोण गं तो?"

"दत्तोबा. पडदे बांधतात."

"नाटकाचे?"

"गोळीचे," ती हसत म्हणाली.

मग तिने मला समजावून सांगितलं. बंदुकीची नळी एका ओट्यावर घट्ट बसवतात. तिच्यापुढे मोजलेल्या अंतरावर दोन चौकटी उभ्या असतात आणि प्रत्येकीवर बारीक तारेचं जाळं ताणलेलं असतं. त्यालाच तिथे पडदा म्हणतात. गोळीने पहिला पडदा तोडला की घड्याळ सुरू होतं, दुसरा तोडला की थांबतं. अंतराला वेळेने भागलं की वेग मिळाला. बार झाला की दत्तोबा जाऊन तुटलेली तार पुन्हा ताणून बांधणार. बासष्ट सालापासून हेच त्यांचं काम.

त्या साली चीनचं युद्ध लागलं आणि केंद्रात माणसं भराभर घेतली गेली. दत्तोबा चाकणच्या पुढच्या गावातले, तालमीत घुमणारे. त्यांना पेट्या उचलायला घेतलं होतं. पण घरी खाटा विणायची सवय. काथ्या ताणून बांधणारी बोटं तारेलाही चालली, आणि कुणीतरी त्यांना पडद्यांवर आणलं. बायको दुर्गाबाई, दोन मुली लग्न होऊन भोसरीत. इतकी वर्षं गोळीच्या वाटेवर काढून ते म्हणायचे, "गोळी म्या कंदी बघितली न्हाई. भोकं बघितली."

पद्मजा हे सगळं कौतुकाने सांगायची. मला मात्र वाटायचं, हा माणूस माझ्या मुलीला इतकं कशाला सांगतो?

मग केंद्रात परदेशातून रडार आलं. त्याला पडदे लागत नाहीत, तारा लागत नाहीत. नळीला अगदी खेटून तिवईवर ठेवलेलं हे यंत्र लाटा सोडतं आणि गोळीवर आपटून परतणाऱ्या लाटांवरून वेग सांगतं. त्यावर लगेच विश्वास ठेवायचा नव्हता. काही महिने प्रत्येक गोळी दोन्ही रीतींनी मोजायची आणि आकडे ताडून पाहायचे असं ठरलं. ते काम पद्मजाकडे आलं. आकडे जुळत राहिले तर पडदे अडगळीत जाणार आणि दत्तोबा गोदामात.

"म्हणजे ज्याचं काम जाणार, त्याच्याच हातात पडदे?" मी म्हटलं.

"आई, तू प्रत्येकात काहीतरी शोधतेस."

"शोधलं की सापडतं."

पावसाळाभर दोघांचे आकडे छान जुळले. दसरा झाला आणि बिघडले. प्रत्येक गोळीला रडारचा वेग पडद्यांपेक्षा कमी. थोडाच, पण दर वेळी कमीच. रडार आणवण्यात पुढाकार घेतलेले गुरुदत्त साहेब वयाने तरुण, पुण्याचे. त्यांचा तर्क सरळ होता. एक चौकट जराशी दुसरीच्या जवळ सरकवली तर गोळीला वेळ कमी लागतो आणि पडद्यांचा वेग फुगतो. रडार खोटं ठरलं तर फायदा कुणाचा? लगेच टेप लावून अंतर मोजलं, ते बरोबर निघालं. साहेब म्हणाले, "मोजायच्या आधी म्हाताऱ्याने परत जागेवर ठेवली असणार."

साहेबांनी जबाब तयार केला: दत्तोबांनी चौकट हलवल्याचं माझ्या लक्षात आलं. खाली पद्मजाची सही हवी होती. ती सही झाली की दत्तोबांची नोकरी गेली, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना. तिने दोन दिवस मागून घेतले.

"सही कर," मी म्हटलं.

"मी काही पाहिलेलं नाही, आई."

"नाही केलीस तर चूक तुझ्या आकडे वाचण्यात धरतील. तू अजून कायम झालेली नाहीस. आणि तो माणूस मला पहिल्यापासून सरळ वाटत नाही."

"बसमध्ये जागा धरतो म्हणून?"

"हो, म्हणूनच."

रविवारी सकाळी दत्तोबा स्वतःच दारात उभे. हातात कांद्याची पिशवी. गळ घालायला आले, हे मी ओळखलं.

"हे कशाला?" मी उंबऱ्यावरच विचारलं.

"भावाच्या कांदाचाळीतलं हायेत, बाई. चाकणच्या बाजारात निघालं हुतं, थोडं काढून घेतलं."

"नेमके आजच?"

"आज सुट्टी हाय." त्यांनी पिशवी माझ्यापुढे धरली. "कांद्यात काय न्हाई, बाई. सोलून बघा पायजे तर."

आत येऊन बसले. मी चहा दिला. साहेबांबद्दल, जबाबाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्याचाच मला जास्त संशय आला. उंबऱ्यातल्या माझ्या रांगोळीकडे बघत मात्र म्हणाले, "ताईंचा हात तुमच्यावर गेलाय. खंडेनवमीला काय मोर काढला हुता! आत्ता उडंल आसा."

खंडेनवमीला घरोघरी हत्यारं पुजतात, तशी केंद्रात बंदुका, लेथ, मापाची यंत्रं सगळी पुजतात. रडारही तिवईसकट उचलून मेजावर ठेवलं होतं, पूर्वेकडे तोंड करून, झेंडूचा हार घालून. त्याच्या रिकाम्या जागेवर पद्मजाने रांगोळी काढली होती. रंग माझ्याच डब्यातले.

"सायेब म्हनलं, आता मशीन लावा खाली," दत्तोबा बशीत चहा ओतत सांगत होते. "आता मोराच्या छातीवर तिवई ठिवायची व्हय? म्या आन पेट्या उचलनाऱ्या पोरानं उचलून कडंला ठिवली. तोंड मातर नीट फुडंच केलं."

"म्हणजे तुम्ही यंत्राला हात लावलात!" मी म्हटलं. सापडला, असंच मला वाटलं. "हे साहेबांना सांगितलंत?"

"त्यात काय सांगायचं? रांगोळीवर कोन पाय दितं?"

आतून पद्मजा कणकेच्या हातांनीच बाहेर आली. "दत्तोबा, किती कडेला?"

त्यांनी हात लांबवला, मग अजून थोडा. "हात-दीड हात."

"नंतर परत जागेवर ठेवली?"

"मोर बरेच दिस ऱ्हायला, ताई. मंग पुसला. पर मशीन तितंच बरी दिसत हुती."

पद्मजा खुर्चीत बसली. ते गेल्यावर मला म्हणाली, "आई, तू एसटीच्या अगदी वाटेत उभी राहिलीस तर गाडी पूर्ण वेगाने तुझ्यावरच येते. बाजूला शेतात उभी राहिलीस तर तितक्याच वेगाने येणारी गाडी तुझ्याकडे कमी येते, शेजारून जास्त जाते. रडारला फक्त आपल्या दिशेचा वेग कळतो. आम्ही ते गोळीच्या वाटेवरून शेतात नेऊन उभं केलं."

"आणि पूजेनंतर त्याची जागा तपासायचं काम कुणाचं?"

"माझं. रोज डोळ्यांसमोर होतं, मोजलं मात्र नाही."

"मग गप्प राहा. उद्या जाऊन जागेवर ठेव. आकडे जुळतील, विषय संपेल."

"जुळले की साहेब काय म्हणतील, सांग? चौकशी लागली आणि म्हाताऱ्याने चौकटी हलवणं थांबवलं. मग तर सहीचीही गरज नाही."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरी मी तिला जाऊ नको म्हटलं. आई दुसरं काय म्हणणार?

सोमवारी तिने साहेबांना सगळ्यांसमोर सांगितलं: रांगोळी माझी, तपासायचं राहिलं तेही माझं. साहेबांना पटेना. त्यांनी रडार जुन्या जागी ठेवून बार काढायला लावले, आकडे जुळले. कडेला नेलं, पुन्हा कमी. परत आणलं, पुन्हा जुळले. मग त्यांनी तो जबाब फाडला. दत्तोबा म्हणे या सगळ्या वेळात खाली मान घालून तारा बांधत होते.

पद्मजाचं कायम होणं सहा महिने पुढे गेलं. आणि वरून निर्णय आला की रडार दीड हाताने सरकलं तरी चुकतं, तेव्हा त्याच्यावर लक्ष ठेवायला पडदे राहू द्यावेत. दत्तोबांचं गोदाम टळलं. निवृत्तीपर्यंत ते तिथेच.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या मोरामुळे सगळ्यात जास्त भलं कुणाचं झालं? दत्तोबांचंच. एकदा थांब्यावर मी त्यांना तोंडावर विचारलं, "खरं सांगा, मशीन कडेला ठेवली ती रांगोळीसाठीच ना?"

ते मिशीतल्या मिशीत हसले. "बाई, तुमी पोलिसात पायजे हुत्या." एवढंच. व्हय नाही आणि न्हाईही नाही.

यंदा खंडेनवमीला पद्मजाने रंगांचा डबा मागितला. मी फक्त पांढरी रांगोळी दिली, तीही वाटीभर. "स्वस्तिक काढ, लहानसं. दारापाशी." थांब्यावर बस आली तेव्हा दत्तोबांनी दारातूनच वाटीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे.

"रंग न्हाई आनलं, ताई?"

"आईने दिले नाहीत."

"वाटलंच मला." त्यांनी पिशवीतून कागदाच्या पुड्या काढल्या. हिरवी, निळी, जांभळी. मोराचेच रंग. पुड्या पहिल्या बाकावर ठेवल्या, तिथली आपली टोपी उचलली आणि म्हणाले, "बसा ताई. मागं हादरतंय."

बस वळणाआड जाईपर्यंत मी त्यांच्या हातांकडे बघत उभी होते.