मापाचा कोयता

सहादेव लोहाराकडे कोयता मागायला गेलं की तो आधी गिऱ्हाइकाचा हात मागायचा. नगरकडच्या अकोल्याहून धरणाकडे चढणाऱ्या रस्त्याच्या कडेला त्याची भट्टी होती. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडायचे दिवस आले की आसपासच्या वाड्यांतले शेतकरी तिथे घाईघाईने येत, आणि सहादेवला तर घाईचं वावडं. तो समोरच्याचा हात आपल्या हातात घेई, बोटं मिटून पाही, मग एक जुना कोयता देऊन पुढ्यातलं लाकूड तोडायला लावी आणि मनगट कसं वळतं ते निवांत बघत बसे. पात्याचा बाक त्यानंतर ठरायचा.

"सोयरीक जुळवतो का कोयता करतो रं?" लोक वैतागून विचारत.

"सोयरीक येकांदी चुकंल," तो म्हणे. "माजा कोयता चुकला म्हनून आजवर माघारी आला न्हाई."

आणि ते खरं होतं. तीस वर्षांत कोयते परत आले ते धार लावायला. एवढी एक गोष्ट सोडली तर मिरवावं असं त्याच्याकडे काही नव्हतं. पोरी आपापल्या घरी नांदत होत्या, दोन वेळची भाकरी होती, आणि ऐरणीच्या पलीकडे घण घेऊन बायको छबूबाई होती. तो सांडशीत तापलेलं लोखंड धरून हातोडीनं जागा दाखवी आणि ती त्या जागी घण हाणी. बोलायची गरजच पडत नसे. पडली तरी भट्टीच्या आवाजात ऐकू कोणाला येणार!

एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर त्याच्याकडे एक वेगळंच गिऱ्हाईक आलं. राधाकृष्ण मास्तर नगरच्या शाळेत भूगोल शिकवत, आणि सुट्टी लागली की तंबू पाठीला बांधून कुठल्या तरी गडावर जाऊन राहत. घरी बायको असताना माणूस डोंगरात दगडांच्या चुलीवर खिचडी का शिजवतो, हे गावाला काही उमगलं नव्हतं. त्यातून त्यांना अडकित्ते, विळे, सुऱ्या जमवायचा नाद. रतनगडावर वाटाड्याच्या हातातला कोयता त्यांनी पाहिला आणि उतरले ते थेट भट्टीवर आले.

"असाच एक मला करून द्या," ते म्हणाले. "पण देखणा. जंगलात कामाला येईल आणि एरवी भिंतीवर शोभेल."

सहादेवने हात पुढे केला, तेवढ्यात रस्त्यावरच्या एस.टी.ने भोंगा वाजवला. ती चुकली तर मास्तरांची दुसऱ्या दिवशीची शाळा बुडत होती.

"हाताचं माप पाठवतो," असं ओरडून मास्तर पळाले.

आठ दिवसांनी पाकीट आलं. आत कागदावर हात ठेवून भोवती पेन्सिल फिरवून काढलेला पंजा होता, बाकी काही नाही. सहादेवने त्यावर आपला उजवा हात पालथा ठेवला. अंगठा भलतीकडेच गेला. मग डावा ठेवला, तो बरोबर बसला.

"मास्तर डावरे हायेत," तो खूश होऊन म्हणाला.

"येक कारड टाकून इचारा की," छबूबाई म्हणाली.

"पंजा समोर हाय. इचारायचं काय त्यात?"

कोयत्याची धार तो एकाच अंगाने उतरवायचा. उजव्या हाताला एक अंग, डाव्याला दुसरं. उलट्या हातात गेला तर पातं लाकडात शिरायचं सोडून घसरतं. म्हणून या वेळी त्याने सगळं उलटीकडून केलं. मोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद घेतलं, चार वेळा तापवून बाक साधला, बेताने पाणी दिलं. खैराची मूठ घासून गुळगुळीत केली, तिला पितळी कडं बसवलं. महिनाभर रिकामा वेळ त्यातच गेला. असा देखणा कोयता त्याच्या हातून कधी झाला नव्हता, आणि तो पाहायला माणसं येत तेव्हा सहादेव उगाच भाता साफ करत उभा राही.

पौषात मास्तर आले. कोयता पाहून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी तो उचलला, उजव्या हातात. समोरच्या फांदीवर घाव घातला तसं पातं साल खरवडून सरळ त्यांच्या गुडघ्याकडे आलं. थोडक्यात वाचले.

"मास्तर, हात कोंचा तुमचा?"

"हाच. उजवा."

"मंग कागदावर डावा का काडला?"

मास्तर ओशाळून हसले. "पेन्सिल उजव्या हातात होती ना."

सहादेवने जन्मात पेन्सिल धरली नव्हती.

"अहो, मी हाच नेतो," मास्तर म्हणाले. "भिंतीवर टांगल्यावर कोणाला कळणार आहे?"

"मला कळंल की. चुकीचा कोयता माज्या हातचा म्हनून नगरला जायाचा न्हाई." तो मास्तरांच्या हातून कोयता घेऊन भट्टीकडे वळला. तीस वर्षांचा अभिमान आणि महिन्याची मेहनत एकदमच जळणार होती. त्याला रडू येईल असं वाटत होतं. "छबे, भाता वड."

छबूबाईने भाता ओढला नाही. उठून त्याच्या हातातून कोयता घेतला आणि सरपणापाशी गेली. डाव्या हाताने एक घाव घातला. मनगटाएवढी फांदी खाडकन तुटली. दुसरी तुटली, तिसरीही.

ती डावरी आहे हे सहादेवला काय माहीत नव्हतं? पंचवीस वर्षं ती समोरून डाव्या हाताच्या जोरावर घण मारत होती. पण घरात सरपणाला लागायचा तो कोणाचा तरी उरलेला, उजव्या हाताचा कोयता. त्या कोयत्याने तिला एका फांदीला तीन तीन घाव लागत, आणि तुझ्या हाताला जोरच नाही, असं तो चारचौघांत तिला हिणवत आला होता.

"सांगायचं हुतं की कवा तरी," तो हळूच म्हणाला.

"तुमी गिराइकाला इचारता. मला कवा इचारलं?"

 सहादेवला लाज वाटली, आणि छातीवरचा दगड उतरल्यासारखंही वाटलं. 

"मूठ जाड हुतीया का?" त्याने विचारलं.

"जराशी."

"आन हिकडं, तासून देतो." मग तो मास्तरांकडे वळला. "तुमाला बसावं लागंल, मास्तर. तुमचा करतो, पन ही तुमच्या आदी आल्याली हाय."