तेलाचा ताप

तेलालाही ताप येतो, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

धाकट्या मुलाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, चिमूरला होतं, ऐन मे महिन्यात. मुलगी पाहायला आम्ही बसनं गेलो होतो, तेव्हा होणारे व्याही सगळ्यांदेखत म्हणाले होते, "गाडी नाई वाटते तुमच्याकडे." ते बोलणं माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. त्यामुळे पुण्याचे जावई सिंदेवाहीला आपली लाल स्पोर्ट्स कार घेऊन आले, तेव्हाच मी ठरवलं, व्याह्याच्या मांडवासमोर उतरीन तर हिच्यातूनच.

गाडीत सीटा दोनच. उंची अशी की खालून जाताना मुंगीनंही मान वाकवावी. आमच्या बुढीनं एकदा पाहिलं, "हे गाडी होय का चप्पल?" म्हणाली, आणि बाकीच्यांसोबत जीपनं पुढे निघून गेली. मी आत बसलो. (बसलो कसला, विहिरीत उतरतात तसा उतरलो.)

जावयांनी गाडी चालू केली. बिबट गुरगुरावा तसा आवाज झाला. मग ते नुसतेच बसून राहिले.

"काऊन, जावईबापू?"

"तेल तापू द्या, मामाजी."

"भजे तळाचे हायेत का?"

तेव्हा त्यांनी मला इंजिनच्या तेलाचा आकडा दाखवला. थंड तेल घट्ट असतं, सगळीकडे पोचत नाही, म्हणून नव्वदीला आलं की मगच गाडी पळवायची. आणि फारच तापलं तर पातळ होऊन कामातून जातं, म्हणून ते गार करायला गाडीच्या तोंडाशी एक वेगळी जाळी, खास तेलासाठी! मी थक्क झालो. उभं आयुष्य धानगिरणीचं इंजिन चालवलं, पण तेल टाकलं की विसरलो. इथं त्याची बाळंतिणीसारखी बडदास्त! मग आकडा नव्वदीला आला आणि रस्त्याकडची सागाची झाडं अशी मागं पळाली, की मी टोपी घट्ट धरली. (काचा बंद होत्या.)

नेरीला जावई हार घ्यायला उतरले. मला गारवा राहावा म्हणून गाडी चालूच ठेवली. मी आकडा पाहिला, तर शंभराच्या वर. शंभरावर पाणी उकळतं, एवढं चौथी नापासालाही कळतं. गिरणीत इंजिन तापलं की आम्ही वरून ओलं पोतं टाकायचो. समोरच्या चहावाल्याकडून एक पोतं मागून घेतलं, त्याच्याच रांजणात बुचकळलं आणि खाली वाकून गाडीच्या तोंडात चांगलं कोंबलं. वाळ्याच्या पडद्यातून जशी गार हवा येते, तशी येईल म्हटलं. जावयांना सांगितलं नाही. व्याह्यासमोर सांगावं म्हणजे वाहवा होईल.

नेरी सुटली आणि आकडा चढू लागला. जावयांचा चेहरा उतरला. मी मनात म्हणालो, पोतं नसतं तर पेटलीच असती! मग लाल दिवा लागला आणि गाडीनं आपणहून जोर काढून घेतला. जावई म्हणाले, थांबून पाहतो. मी म्हणालो, मांडवात लोकं खोळंबले आहेत, थांबायचं नाव काढू नका. तेव्हा त्यांनी एसी बंद केला आणि इंजिनची उष्णता आत ओढायला हीटर लावला. चंद्रपूर जिल्हा, मे महिना, भर दुपार, आणि हीटर! माझ्या कपाळावरचा कुंकवाचा टिळा वितळून नाकावर आला. मागून आलेला एक सायकलवाला बाजूनं चालवत राहिला. एवढी हळू गाडी आणि आत मोठा हार पाहून त्यानं अदबीनं विचारलं, "कोन गेलं, भाऊ?"

मांडवासमोर मी रांगत बाहेर आलो, चिंब भिजून. व्याह्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. डोळे विस्फारून ते गाडीभोवती फिरत होते. समोर आले, वाकले आणि गाडीच्या तोंडातून वाफाळतं पोतं ओढून काढलं. त्यावर गायीचं चित्र होतं. खाली ठळक अक्षरांत, सरकी ढेप, उत्तम पशुखाद्य.

"भाऊ," ते म्हणाले, "हिले ढेप चारता होय तुमी?"

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. मग अख्ख्या मांडवानं पाहिलं.

"पाहुनपनाले आनली," मी म्हणालो, "उपाशी कशी आनू?"

साक्षगंध झालं, पण अर्धा वेळ लोक हसतच होते. मी मात्र आधी चालूच ठेवलेल्या गाडीजवळ उभा राहिलो. जाळीला हवा लागली तसा तो आकडा डोळ्यांदेखत एकेक उतरत होता, आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

ती मुलगी आता आमची सून आहे. माझं डोकं फिरलं की सगळं घर गप्प होतं. ती तेवढी सासूला हळूच म्हणते, "आई, बाबाच्या तोंडासमोरून बाजूला व्हा. जराशी हवा लागू द्या."

आणि आकडा उतरतो.