वसुधाताईची पूर्ण कमांड

वसुधाताई मागच्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, मलकपेठच्या राहत्या घरी वारली. कारण हृदयविकार. बातमी रमणा रावनं फोनवरून दिली. रमणा तिच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं तिच्या हाताखाली होता. त्यानं आधी माझं पूर्ण नाव विचारलं, मी तिचा मावसभाऊच बोलतोय याची खात्री करून घेतली आणि मग सांगितलं. ही पद्धत त्याला तिनंच लावली होती.

ताई माझ्याहून मोठी. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकऱ्या आणि मास्तरकी. घरात मराठी, दारात दख्खनी, बाजारात तेलुगू. ती शहरातल्या एका संशोधन संस्थेत जनुकांवर काम करायची. नव्वदच्या दशकात परदेशी सामानावरचे निर्बंध सैल झाले, तेव्हा संस्थेत एक मोठा संगणक आला. दिलसुखनगरात तेव्हा जिन्याजिन्यावर कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या, पण या संगणकाचं काम त्या क्लासात शिकवत नसत. काळा पडदा, त्यावर एक लुकलुकणारी खूण. चित्र नाही, बटण नाही. जे हवं ते टाइप करायचं. ताईच्या कामाचा प्रोग्रॅम जनुकाची दोन अक्षरमाळा शेजारी ठेवून कुठं जुळतं आणि कुठं नाही ते दाखवायचा. त्याला आधी दोन्ही फायलींची नावं द्यायची, मग अटी. अक्षर जुळलं नाही तर किती गुण कापायचे, मध्ये मोकळी जागा सोडायची वेळ आली तर किती कापायचे, माळा पूर्ण जुळवायची की फक्त चांगला जुळणारा तुकडा घ्यायचा. ओळ लांबलचक व्हायची. एक खूण चुकली की प्रोग्रॅम थांबायचा आणि तोंडावर इंग्रजीत चूक फेकायचा.

रोजच्या या कटकटीला कंटाळून ताईनं सगळ्या अटी एका छोट्या कमांडमध्ये बंद केल्या आणि तिला स्वतःचं अर्धं नाव दिलं... वसु. आता ‘वसु’ आणि दोन फायलींची नावं एवढंच टाइप करायचं. थोड्याच दिवसांत सगळी प्रयोगशाळा ती वापरू लागली. “वसु मारे क्या?” असं लोक एकमेकांना विचारत. ताई घरी येऊन हसत सांगायची, “अरे, दिवसभर मलाच मारतात तिथं.”

त्यानंतरच्या वर्षी मोईनभाईंची केस आली. त्यांचं मलकपेठेत सायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं. त्यांच्या मुलाला थॅलसेमिया, म्हणजे दर महिन्याला रक्त चढवावं लागायचं. पत्नीला पुन्हा दिवस गेले होते. पोटातल्या बाळाला तोच आजार आहे का, हे सांगता आलं असतं, पण त्यासाठी आईवडील दोघांच्या जनुकातला दोष आधी माहीत असावा लागतो. मुलाच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी वडिलांकडून आलेल्या प्रतीतला दोष सापडला होता. आईकडून आलेल्या प्रतीतला सापडत नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मुदत सांगून ठेवली होती. ती टळली की तपासणी करून उपयोग नव्हता.

ताईनं आईकडून आलेली प्रत वाचून घेतली, निरोगी जनुकाशेजारी ठेवून ‘वसु’ मारली, उत्तर आलं: शंभर टक्के जुळते. नमुना पुन्हा वाचला, पुन्हा तेच. मोईनभाई संस्थेच्या फाटकाशी येऊन थांबत. रमणा त्यांना आत आणायचा. त्या दिवशीचं बोलणं रमणानं मला दोनदा सांगितलं आहे आणि दोन्ही वेळा सारखंच.

“मॅडम, कागद में कुछ खराबी नै बोलको है. फिर मेरा बच्चा हर महिने खून काय कू चढाता?”

“ठैरो भाई. अबी देखरे हम लोगां.”

“देखो, मगर हौ बोलो या नै बोलो. बीच का नक्को. घरवाली आठ दिन से सोई नै.”

ते गेल्यावर रमणा म्हणाला, “मॅडम, मशीन पूरा मिला बोल रहा. हम कौन होते?” विभागप्रमुखांचं मत होतं की दोष सापडला नाही हाही निकालच, तसा लिहून पाठवावा, दवाखाना काय ते बघेल. अहवाल टाइप झाला. सहीही झाली. डाक नेणारा शिपाई रजेवर होता आणि मुदत संपायला थोडे दिवस उरले होते, म्हणून पाकीट टाकायला ताई स्वतः आबिड्सच्या पोस्टात निघाली.

माझं वर्तमानपत्राचं ऑफिस तिथून जवळच. दुपारी ती वर आली, खुर्चीत बसली, पाकीट मांडीवर. चहा मागवला तर नको म्हणाली. शेजारच्या टेबलावर आमचे व्यंकटेश पान लावत होते. तेव्हा मजकूर कागदावर छापून यायचा आणि पानावर चिकटवायचा. एक बातमी लांब होत होती. त्यांनी ब्लेडनं शेवटचा परिच्छेद कापला, उरलेली चिकटवली, वर नीट हात फिरवला.

ताई बघत होती. “कापलेल्यात काय होतं?” तिनं विचारलं.

“काय होतं ते बघायला वेळ कुणाला आहे, अम्मा?” व्यंकटेश म्हणाले. “वरचं बरोबर बसलं ना, बस.”

मग मला म्हणाली, “तुमच्याकडं वाचणाऱ्याला कळतं का रे, की खाली आणखी होतं म्हणून?”

“नाही कळत.”

ती उठली. मी विचारलं, पोस्टात जातेस का? तिनं मान हलवली... हो की नाही ते मला कळलं नाही. व्यंकटेशांच्या ब्लेडमुळे तिला सुचलं असं मी म्हणणार नाही. तीही कधी तसं म्हणाली नाही. पाकीट टपालात पडलं नाही एवढं नक्की. ती रिक्षानं परत संस्थेत गेली.

पुढचं रमणानं सांगितलेलं. ताईनं आल्या आल्या या नमुन्याचे आधीचे छापील निकाल मागितले. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक आकडा असतो: कितव्या अक्षरापर्यंत जुळवलं तो. शेवटच्या ओळीतला आकडा माळेच्या लांबीपेक्षा कमी होता. सगळ्याच निकालांत कमी होता. तो छापलेला होता, कुणी पाहिला नव्हता. ‘वसु’मधल्या अटी ताईनं स्वतःच्या जुन्या कामासाठी ठरवल्या होत्या. त्या कामात माळेत खंड पडण्याचा प्रश्नच नसे, म्हणून मोकळ्या जागेला तिनं फार जबर गुण कापायला लावले होते, आणि फक्त चांगला जुळणारा तुकडा घ्यायला सांगितलं होतं. प्रोग्रॅमनं सांगितलं तसंच केलं. टोकाजवळ खंड आला, त्यापलीकडं थोडीच अक्षरं होती, त्यांच्यासाठी एवढे गुण घालवणं परवडेना. त्यानं शेपूट सोडून दिलं आणि उरलेल्याला शंभर टक्के दिले.

ताईनं खुर्ची पुढं ओढली. “रमणा, मैं बोलती, तुम देखो,” म्हणाली आणि पूर्ण कमांड टाइप करायला बसली, एकेक अट मोठ्यानं वाचत. जुळलं नाही तर इतके. जागा सुरू केली तर इतके. जागा वाढवली तर इतके. माळ पूर्ण. रमणा सांगतो, ती एवढ्या सावकाश टाइप करत होती की त्याला तिच्या हातातून कळफलक ओढून घ्यावासा वाटत होता. मग तिनं एंटर दाबलं. शेवटच्या ओळीत चार छोट्या आडव्या रेघा होत्या. चार अक्षरं गायब होती.

आईच्या रक्तात तो दोष ताडून पाहिला, सापडला. बाळाची तपासणी मुदतीत झाली. निकाल सांगायला मोईनभाईंना बोलावलं तेव्हा ताईनं आधी उशिराचं कारण सांगितलं: कमांड माझी होती, चूक माझी होती. रमणाला ते पटलं नव्हतं. त्याच्या मते आधी निकाल सांगायला हवा होता, समोरच्याच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. मोईनभाई ऐकून घेऊन म्हणाले, “वो आप का आप देख लो मॅडम. बच्चा?” बाळात वडिलांकडचाच दोष उतरला होता, आईकडचा नव्हता. म्हणजे आजार नाही; तो दोन्हीकडचे दोष आले तरच होतो. मोईनभाई खाली बसले. नंतर ते संस्थेत आले नाहीत. मुलगी झाली आणि तिचं रक्त ठीक आहे, हे दवाखान्यातून कळलं.

त्या आठवड्यात ताईनं ‘वसु’ बदलली. आता ती स्वतःहून काहीच ठरवत नसे. एकेक अट विचारायची. प्रयोगशाळेत कुरकुर झाली. रमणा म्हणाला, “मॅडम, छोटा करने को बनाए थे ना?” तो पुढं एका खाजगी कंपनीत गेला, तिथं सगळं बटणांवर होतं. वर्षभरानं त्यानं ताईला फोन करून विचारलं की त्या बटणामागं काय काय ठरवून ठेवलंय ते कसं शोधायचं. ताई म्हणाली, “अब आया रस्ते पे.”

घरीही ती तशीच झाली. जेवायला बोलावलं तर विचारायची, “किती वाजता, आणखी कोण, आणि बगारा बैंगन असेल तर तिखट किती?” भाची चिडवायची, “आत्याला चहा देण्यापेक्षा परीक्षा देणं सोपं.” ताई म्हणायची, “तू नाही विचारलंस तर साखर कोण ठरवणार? डबा?” निवृत्तीनंतर रिक्षावाल्याशीही हेच: कुठल्या रस्त्यानं, कुठं वळणार, दारापर्यंत की नाक्यापर्यंत. शेवटचा फोन तिनं मला केला तो दवाखान्याच्या वेळेबद्दल. छातीत थोडं जड वाटतंय म्हणाली. मी म्हटलं, उद्या जाऊ. “उद्या किती वाजता?” तिनं विचारलं. मी दहा म्हटलं. तो सोमवार होता.

हा मजकूर लिहिण्याआधी मी संस्थेत फोन केला. जुना संगणक केव्हाच काढून टाकला आहे. ताईला कधी न भेटलेली एक तरुण संशोधक फोनवर होती. ‘वसु’ नव्या यंत्रावर उतरवून घेतली आहे, म्हणाली. कुणाचं नाव ते तिला माहीत नव्हतं. मी तिला ती चालवायला सांगितली. पडद्यावर मोकळ्या जागेला किती गुण कापायचे, असा प्रश्न आला. काहीच न देता एंटर दाबलं तर काय होतं, असं मी विचारलं.

तिनं दाबून पाहिलं. तोच प्रश्न पुन्हा आला.