बिनखर्ची डॉक्टरीण

आईबापांचा खर्च वाचवायचं व्यसन लागलेली माझ्या मामेबहिणीसारखी मुलगी अख्ख्या भिवंडी तालुक्यात सापडायची नाही. पहिल्या खेपेला तिला सरकारी मेडिकल कॉलेजात जागा मिळाली नाही, तेव्हा मामा दिघाशीचं शेत विकून तिला खाजगीत घालायला निघाला होता. गिऱ्हाईक शेत बघायला आलं, तर हिनेच बांधावर उभं राहून सांगितलं की शेत विकायचं नाही, पण इतक्या लांब आलात तर चहा घेऊन जा. मग वर्षभर ती वळ गावी, मी सुपरवायझर आहे त्या गोदामात, पॅकिंगला उभी राहिली. खोक्यांना टेप लावता लावता जीवशास्त्र पुटपुटायची. तिच्या शेजारी काम करणाऱ्या बायकांना यकृत आणि प्लीहा यांतला फरक आजही माझ्यापेक्षा जास्त कळतो.

पुढच्या वर्षी सरकारी जागा मिळाली, फीला शिष्यवृत्ती लागली आणि हिला चेवच आला. मेसच्या खर्चापुरत्या अकरावीच्या शिकवण्या धरल्या. पुस्तकं विकत घेणं तर तिला कमीपणाचं वाटे. सीनियरांचा निकाल लागला की ही तांदळाची रिकामी गोणी घेऊन होस्टेलच्या दारात हजर. "दादा, पास झालेल्या माणसाचं मन मोठं होतं," तिने मला समजावलं, "पण ते संध्याकाळपर्यंतच." एकाने आनंदाच्या भरात पुस्तकांवर टेबलफॅनही देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी तो सगळंच परत मागायला आला, तेव्हा तिने फॅन दिला, पुस्तकं दिली नाहीत.

आम्ही सगळे हसायचो, मामा सोडून. मामा भिवंडीत लूमवर कामाला. मशीनच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे घरातही ओरडूनच बोलतो. पण एकदा तो इतक्या हळू बोलला, की मला दोनदा विचारावं लागलं.

"पोरीनं मना काय मांगलाच न्हाय रे. मी तिचा बाप हाय का पावना?"

मला वाईट वाटलं. मी हे तिच्या कानावर घातलं. पुढच्या रविवारी घरी येऊन म्हणाली, "बाबा, मना एप्रन पायजे."

मामाने शेठकडून स्वतःच्या लूमवरचं कापड घेतलं, धुऊन पांढरंशुभ्र करून आणलं आणि टेलरच्या डोक्यावर बसून शिवून घेतलं. एप्रन झाला ताडपत्रीइतका जाड. भर मे महिन्यात ती त्यात घामाने निथळते, पण दुसरा अंगाला लावत नाही. मामा भेटायला गेला की वॉर्डातल्या एवढ्या एप्रनांतून पोरगी चेहऱ्याच्या आधी कापडावरून ओळखतो, आणि रांगेतल्या अनोळखी पेशंटला सांगतो, "त्यो माज्या लूमचा हाय."

त्यानंतर तिने काहीच मागितलेलं नाही. सुट्टीत ती आली, की मामा तो एप्रन उजेडात धरतो, कोपरं बघतो, खिसे चाचपतो.

"फाटला का गं कुठं?"

"न्हाय बाबा."

मजबूत कापड विणतो म्हणून आयुष्यभर मिरवलेला माझा मामा तेव्हा जरासा खट्टू होतो.