खारफुटीपासून दोन हात

"तीनदा विसळ, चौथ्यांदा भर."

हे वाक्य मी नदीकाठी ऐकलं, विहाराच्या स्वयंपाकघरात ऐकलं, आमच्या घरी चहाचा कप हातात घेतानाही ऐकलं. कप स्वच्छ असला तरी काका तो नळाखाली धरायचे, तीनदा विसळायचे आणि मगच आईला म्हणायचे, "हं, आता ओता." दुसरा कुणी असता तर आईनं कप काढून घेतला असता. काकांना मात्र ती हसायची.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या पाठीमागे तुम्ही "काय नमुना आहे!" म्हणता. आमच्या विश्रांतवाडीच्या गल्लीत त्यांना सगळे तोंडावरच 'नमुनेकाका' म्हणायचे. त्यात टिंगल थोडी आणि माहिती जास्त होती. सगळी नोकरी त्यांनी एका सरकारी प्रयोगशाळेसाठी पाण्याचे नमुने घेण्यात घालवली होती. निवृत्त झाले तरी हात निवृत्त झाला नाही. घरातल्या प्रत्येक बरणीवर त्यांची पट्टी असायची. 'कैरीचं लोणचं. फळीवर, डावीकडून दुसरी. भरलं सकाळी अकरा वाजता.' खाली सही. लोणच्यावर सही करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मी पत्रकं लिहिते. नदीची, कचऱ्याची, बोअरच्या पाण्याची. नारायण पेठेतल्या एका छोट्या छापखान्यात ती छापते. तिथले मालक मला बघितलं की म्हणतात, "या ताई. उद्गारचिन्हं शिल्लक आहेत का बघतो." एकदा मी मथळा दिला होता, 'नदी मेली!!!' काकांनी ते पत्रक विहाराच्या पायरीवर बसून वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"कुठं मेली?"

"कुठं म्हणजे? सगळीकडं."

"सगळीकडं मेली तर पंचनामा कुणी करायचा? जागा लिही. वेळ लिही. प्रवाहाचं वरचं अंग का खालचं अंग, ते लिही. नुसतं ओरडलं की साहेबाला बरं पडतं, पोरी."

मी चिडले, आणि पुढच्या पत्रकात जागा लिहिली. त्या पत्रकावर पहिल्यांदा कुठल्या तरी साहेबाचा फोन आला. सांगायचं असं की मला लिहायला ज्यांनी शिकवलं, त्यात हा माणूस होता. म्हणूनच पुढचं सगळं मला इतकं लागलं.

आमच्या वस्तीच्या वर नदीवर एक पूल आहे. पुलाच्या खालच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, एका कारखान्याचा नाला नदीला मिळतो. त्याच्या खाली आम्ही. आमच्या बोअरचं पाणी पिवळं येतं. माझ्या आईचे पाय त्या पाण्यानं घोट्यापर्यंत फुटले आहेत. चप्पल घातली की पट्ट्याखालून पाणी सुटतं. त्या कारखान्याला वाढ करायची होती, म्हणजे अजून एक पाइप. परवानगीआधी जनसुनावणी होती. कारखान्याच्या फायलीत नदीचे जुने सरकारी अहवाल जोडलेले, आणि प्रत्येकात पाणी ठीक. मी माहितीच्या अधिकारात मूळ कागद मागवले. नमुना घेतल्याची जागा, प्रत्येक कागदावर, एकच शब्द: 'पुलाजवळ'.

अक्षर मला ओळखता आलं. लोणच्याच्या बरणीवरचं होतं.

मी कागद घेऊन तशीच त्यांच्या दारात गेले. "काका, पुलाजवळ म्हणजे कुठं? वर का खाली?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आठवत नाही."

बरणी डावीकडून दुसरी, हे आठवत होतं!

त्याच आठवड्यात आमच्या विहाराची श्रीलंकेची सहल निघायची होती. आई किती वर्षं तिची वाट बघत होती, पण पायांनी तिला जागचं हलू दिलं नाही. तिच्या जागी मी गेले. खोटं कशाला सांगू, मी अनुराधपूर बघायला गेले नव्हते. सहलीच्या यादीत काकांचं नाव होतं आणि सुनावणी आम्ही परतल्यावर चौथ्या दिवशी होती. माझ्या पिशवीत त्यांच्या नावानं टाइप केलेला जबाब होता, की नमुने नाल्याच्या वरचे, पुलाच्या वरच्या अंगाचे आहेत. फक्त सही हवी होती.

सगळी सहल मी त्यांच्या मागे होते. बसमध्ये त्यांच्या मागच्या सीटवर, जेवताना समोर. ते भात कालवायचे आणि म्हणायचे, "जेव आधी." स्तूपाला प्रदक्षिणा घालतानाही मी मागे. गटातल्या बायका म्हणाल्या, "पोरगी काकांची किती काळजी घेते!" काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि शहाळ्याची नळी तोंडात धरली.

शेवटच्या दिवशी आम्हाला दक्षिणेकडच्या एका नदीवर नेलं. समुद्राला मिळण्याआधी ही नदी रुंद होते आणि जणू थांबते. त्या थांबलेल्या पाण्याला तिथं लगून म्हणतात. मधे लहान लहान बेटं, काठांनी खारफुटी. काही ठिकाणी दोन्ही काठांच्या फांद्या वर एकमेकींत शिरून हिरवा बोगदा झालेला. एका फांदीवर घोरपड पसरली होती. पाणी इतकं नितळ की खाली खारफुटीची मुळं बोटांसारखी मोजता यावीत. होडीवाला एकसारखा "गंगा, गंगा" म्हणत होता. नंतर कळलं की त्यांच्या भाषेत नदीला गंगाच म्हणतात, कुठल्याही नदीला.

"बघा," मी मोठ्यानं म्हणाले, "इथं प्रत्येक नदीची गंगा आहे. आपल्याकडं प्रत्येक गंगेचा नाला करतात, आणि कागदावर ठीक लिहितात."

बायका हसल्या. काका हसले नाहीत.

एका बेटावर छोटंसं विहार होतं. तिथल्या भंतेंनी आम्हाला बसवलं आणि पंचशील सुरू केलं. ते म्हणायचे, आम्ही मागून म्हणायचो. मी काकांच्या शेजारीच होते. पहिलं शील, दुसरं, तिसरं. त्यांचा आवाज गटात सगळ्यांत स्वच्छ होता. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. शेजारचा आवाज बंद झाला. मी तिरक्या नजरेनं पाहिलं. ओठ मिटलेले होते. पाचव्याला ते पुन्हा म्हणू लागले. भंते मनगटाला पांढरा दोरा बांधू लागले तेव्हा काकांनी हात सगळ्यांत शेवटी पुढे केला.

परत निघालो. होडीवाल्यानं हिरव्या बोगद्याबाहेर इंजिन बंद केलं, बायकांना फोटो काढायचे होते. काकांनी पिशवीतून प्यायच्या पाण्याची रिकामी बाटली काढली आणि ते एकदम होडीच्या काठावरून वाकले. होडी कलली. बायका किंचाळल्या. "अहो काका! बुडवता का आम्हाला!"

"गप बसा सगळ्या. तीनदा विसळायची असते."

त्यांनी बाटलीचं तोंड प्रवाहाकडे धरलं. भरली, हलवली, ओतली. तीनदा. चौथ्यांदा कोपरापर्यंत हात बुडवून भरली, झाकण लावलं, रुमालानं पुसली. खिशातून पट्टी निघाली, पेन निघालं. परदेशात, सहलीला, या माणसाच्या खिशात चिकटपट्टी होती! त्यांनी लिहिलं आणि मी खांद्यावरून वाचलं: 'बेटाच्या खालच्या अंगाला. खारफुटीपासून दोन हात. ओहोटी. सकाळी नऊ चाळीस.'

माझं डोकं फिरलं.

"इथं दोन हात दिसतात तुम्हाला? खालचं अंग दिसतं? आणि आपल्या पुलाला मात्र 'जवळ'?"

"हळू बोल. होडी हलते आहे."

"होडी नाही हलत काका. तुमचा हात हलतोय."

फोटो थांबले. होडीवाल्याला मराठी येत नव्हती, पण त्यालाही कळलं असावं. त्यानं इंजिन सुरू केलं नाही.  मी पिशवीतून जबाब काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो वाचला, नीट चार घड्या केल्या आणि माझ्या पिशवीत परत घातला.

धक्क्यावर उतरल्यावर सगळे पुढे गेले. ते मागे थांबले.

"आपल्या पुलाच्या वरच्या अंगाला पायऱ्या होत्या," ते म्हणाले. "खालच्या अंगाला नाला, गुडघाभर चिखल. प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले, वरूनच घ्या. मी विचारलं, लेबलवर जागा काय लिहू? म्हणाले, 'पुलाजवळ' लिहा, पूल काय दोन आहेत? मला वाटलं, खोटं कुठं आहे यात? जवळच तर आहे. एकदा लिहिलं. मग हात शिकतो, पोरी. हाताला विचारावं लागत नाही."

"मग हेच सुनावणीत सांगा."

"माझी मुलगी त्याच प्रयोगशाळेत आहे. कंत्राटी. दर वर्षी नवा कागद निघतो तिचा. त्याच साहेबांच्या सहीनं."

आता इथं मी काय म्हणाले ते लिहायलाच हवं, कारण इतरांच्या चुका मी छापून वाटत असते. मी म्हणाले, "तुमच्या मुलीची नोकरी आणि माझ्या आईचे पाय. घाला तराजूत."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. लांब उभ्या असलेल्या बसकडे चालत गेले. त्यानंतर बसमध्ये नाही, हॉटेलात नाही, विमानात नाही, एक शब्द नाही. पुण्याला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ ते माझ्यासमोर आले आणि टॉवेलात गुंडाळलेली ती बाटली माझ्या हातात दिली.

"तुझ्या आईला दाखव. तिला यायचं होतं ना. म्हणून घेतली होती."

 ते बॅग ओढत निघून गेले.

आईनं बाटली उजेडात धरली, बराच वेळ पाहिली, मग पट्टी वाचली. "दोन हात," ती म्हणाली. "बघ, माणूस कसा लिहितो." मी तिला पुलाचं काही सांगितलं नाही.

सुनावणी एका मंगल कार्यालयात होती. मागे आदल्या दिवशीच्या लग्नाच्या खुर्च्या, पुढे अधिकाऱ्यांचं टेबल. मी बोलले. मोठ्यानं बोलले, उद्गारचिन्हांसकट. अधिकाऱ्यांनी शांतपणे फाइल उघडली. "ताई, आपल्या भावना पोचल्या. पण अहवालानुसार पुलाजवळचं पाणी ठीक आहे. आपल्याकडे दुसरा काही कागद आहे?"

नव्हता. चार घड्यांचा बिनसहीचा जबाब होता. मी दाराकडे पाहिलं. काका आले नव्हते. कारखान्याचा माणूस घड्याळ बघत होता. "आणखी कुणाला बोलायचं आहे?" एकदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं. अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण लावलं.

तेवढ्यात मागच्या खुर्च्या सरकल्या. काका मधल्या वाटेनं येत होते. विजार गुडघ्यापर्यंत चिखलानं काळी, पायात चप्पल नाही. वास त्यांच्या आधी टेबलापाशी पोचला. त्यांनी एक बाटली टेबलावर ठेवली. आतलं पाणी चहासारखं होतं.

"हे काय?"

"नमुना, साहेब. पुलाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या तोंडापासून दोन हात. आज सकाळी दहा पंचवीस."

"अहो, ही सीलबंद नाही. हा पुरावा म्हणून धरता येणार नाही."

"बाटली नका धरू. मला धरा. त्या फायलीत जिथं जिथं 'जवळ' आहे ना, ते माझं अक्षर आहे. जवळ म्हणजे वरच्या अंगाला. पायऱ्यांवरून. खालचं पाणी मी नोकरीत कधी घेतलंच नाही. आज पहिल्यांदा उतरलो."

"लेखी द्याल?"

त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी चार घड्या उलगडल्या. मी लिहिलेला जबाब त्यांनी वाचला, शेवटची तीन उद्गारचिन्हं पेनानं खोडली आणि खाली सही केली.

बाहेर आल्यावर ते नळाखाली पाय धूत होते. मी विचारलं, "मुलीला सांगितलंत?"

"बाटली तिनंच विसळून दिली," ते म्हणाले. "तीनदा."

परवानगी लांबली. दोन्ही अंगांचे नमुने नव्यानं घ्यायचे आदेश निघाले. आम्ही पेढे वाटले, मी पत्रक काढलं. आईचे पाय अजून तसेच आहेत, नदी पत्रकानं बरी होत नाही. त्यांच्या मुलीचा नवा कागद मात्र निघाला नाही. कारण कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. तिला वाघोलीकडच्या एका कॉलेजात काहीतरी काम मिळालं, असं विहारात ऐकलं. मी पत्रक घेऊन काकांच्या दारात गेले तेव्हा कुलूप होतं.

वाघोली काही लांब नाही. मी अजून गेलेले नाही. इतकी भांडते सगळ्यांशी, पण त्या मुलीसमोर उभं राहायची भीती वाटते. इथल्या कुलपाच्या वर, दारावर, काकांनी पट्टी चिकटवली होती. त्या पट्टीचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. लोणच्याच्या बरणीवरचंच अक्षर:

'मुक्काम वाघोली. टाकीच्या वरच्या अंगाला, दुसरा जिना, डावीकडचं दार. सकाळी सात ते रात्री नऊ. तीनदा वाजवा, चौथ्यांदा उघडतो.'

खाली सही.