निलेशच्या हळदीआधी

मी जर्मनीला निघाले तेव्हा करंजाड्याच्या घरासमोर गाडी उभी होती आणि आई हातावर दही ठेवता ठेवता म्हणाली, "जातेस तं जा. पन तुज्या बापाला काय झालता, ता शोदून काड." बाबा माझ्या चुलतभावाच्या हळदीत नाचता नाचता कोसळले, ते परत उठलेच नव्हते. आमच्या आगरी हळदीत घरातला बाप्या माणूस बसून राहिला तर लोक नावं ठेवतात. आजोबाही असेच भर तारुण्यात गेले. गावाने नजर लागली म्हणून विषय मिटवला. मला तो मिटवता आला नाही, म्हणून मी हृदयाच्या संशोधनात शिरले.

इथे बाबांचा जुना ईसीजी प्रोफेसरांना दाखवला. त्यांना एकाच आजाराची शंका आली. त्यात हृदयाचा स्नायू जाड होत जातो, दमछाक झाली की हृदय अचानक बंद पडू शकतं, आणि हा आजार बापाकडून मुलांत उतरू शकतो. मी माझा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतला. माझं हृदय ठीक निघालं, पण आनंद झालाच नाही, कारण डोळ्यांसमोर धाकटा भाऊ निलेश उभा राहिला. तेव्हापासून घरून अवेळी फोन आला की मी आधी निलेश कुठे आहे तेच विचारते. माझ्यासारख्या लांब गेलेल्यांना हे सांगायला नको.

निलेशचं लग्न ठरलं तसा मी तगादा लावला, इको कर. तो हसण्यावारी न्यायचा. आई तर भडकलीच. "आता नको गो. पोरीवाल्यांना कललं तं लगीन मोरंल!" तिला लग्नाची काळजी, मला भावाच्या जिवाची. फोनवर आम्ही भांडायचो आणि दोघीही रडायचो. शेवटी निलेशनेच होणाऱ्या बायकोला, सायलीला, सगळं सांगितलं. तीच त्याला पनवेलला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

इकोची क्लिप त्याने मला पाठवली. रोज परक्यांची हृदयं बघणारी मी, भावाचं उघडायला घाबरले. हृदयातला पडदा जाड झालेला बघताक्षणी दिसला. तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, दगदग बंद. लग्न मात्र मोडलं नाही. गोळ्यांचं मी बघीन, असं सायलीनेच आईला सांगितलं.

निलेशने मला एकच विचारलं, "ताई, हलदीला नाचू?"

"नको रे."

तो म्हणाला, "मंग तू ये. माज्या वाटचा तू नाच."

तिकीट काढलंय. घर म्हणजे आता तो मांडव, खुर्चीत बसवलेला निलेश, आणि डीजेच्या दणदणाटात नाचताना त्याच्या छातीवरून डोळे न हलवणारी मी.