अर्धी हिला, अर्धी तिला

आम्ही दोघी जुळ्या. लहानपणी एकीला ताप आला की आई काढा दोघींना पाजायची. एकीचं दुखणं दुसरीला गाठतंच, असं तिचं म्हणणं. ताप नसलेली मी तो कडूजहर काढा नाक दाबून प्यायचे आणि बहिणीला शिव्या घालायचे. पाथर्डीकडच्या आमच्या गावात तर तिला ठेच लागली की लोक माझ्या पायाकडे बघत.

लग्नानंतर ती ऊसतोडीला जायला लागली. मी शिलाई मशीन घेऊन आईजवळच राहिले. एका हंगामात श्रीगोंद्याकडे उसाची ट्रॉली उलटली. शेजारी बसलेली तिची जाऊ जागीच गेली. बहीण मोळ्यांखाली अडकली होती. बाहेर काढली तेव्हा नुसतं खरचटलेलं. देव तारी त्याला कोण मारी, असं सगळे म्हणाले. माहेरी आली ती मात्र निम्मीच आली.

आमच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जातात. गाणं कानावर आलं की ती हातातलं पीठ टाकून अंगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन उभी राहायची, छातीवर हात दाबून. इकडे तव्यावर भाकरी करपायची. मी चिडायचे, पण आतून घाबरलेली असायचे. हिचं काळीज असंच एक दिवस थांबलं तर?

शेवटी आईनं आणि मी तिला नगरला नेलं. डॉक्टरांनी, जुळी बहीण आहे म्हटल्यावर, ताडून बघायला दोघींच्याही छातीला वायरी लावल्या आणि तिला अपघाताचं विचारलं. ती ट्रॉलीपर्यंत पोचलीही नाही, तोच तिच्या ठोक्यांचा आकडा उड्या मारायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, तरी काळीज आपलं संथ. मला माझ्याच काळजाचा राग आला.

"धास्ती हिच्या मनात बसलीये, ती काळजाला पळवतेय," डॉक्टर म्हणाले. "हिला माझ्याकडे बोलायला आणत जा. आणि रोज सकाळी ही एक गोळी द्या."

बरेच दिवस झाले तरी फरक पडेना. उलट मलाच मशीनवर बसल्याबसल्या गरगरायला लागलं. पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, गोळी रोज घेते ना?

"घेत्यात की, दोघी बी," आई म्हणाली. "अर्धी हिला, अर्धी तिला."

आईनं तळहातावर ठेवलेलं आम्ही कधी विचारून गिळलं नव्हतं. डॉक्टर रागावणार तेवढ्यात बहीण बोलली. अपघातापासून ती आपणहून फारसं बोलतच नव्हती.

"आये, तिला नगं देऊ. ती न्हवती तिथं."

एवढंच. आईच्या पोटातही आम्ही एकमेकींना सोडून राहिलो नव्हतो. आणि आता एक जागा अशी होती, जिथं ती रोज एकटीच जात होती. मला तोंडावर मारल्यासारखं झालं.

आता पूर्ण गोळी तिला मिळते. आई सवयीनं अजून ती मधोमध मोडते, मग दोन्ही तुकडे तिच्याच हातावर ठेवते.

काल दुपारी ट्रॅक्टर आला. ती चुलीपासून उठली, मी मशीन सोडून मागोमाग गेले.

"तू घरात जा," ती म्हणाली.

मी गेले नाही. तिचा हात ओढून माझ्या छातीवर धरला. तिथं सगळं संथ चाललं होतं. गाणं वळणापलीकडे गेलं, भाकरी करपल्याचा वास आला, तरी तिनं हात काढला नाही.